चाल शेपटाकडून धरायची: ओल्ड-टाइम फिडलच्या सहा महिन्यांच्या नोंदी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

डरहॅम, नॉर्थ कॅरोलिना. ओल्ड-टाइमची, म्हणजे इथल्या जुन्या लोकनाचांच्या संगीताची बैठक. चर्चच्या तळघरातली खोली, गोल मांडलेल्या १४ खुर्च्या. ५ फिडल, ४ बॅन्जो, २ गिटार, १ मँडोलिन, १ उभा बास आणि मी.

मिरजेत शाळेत असताना मी ७ वर्षं व्हायोलिन शिकले. पुढची २० वर्षं व्हायोलिनची पेटी उघडली नाही. फिडल म्हणजे तेच वाद्य, रीत वेगळी. घोडी तीच, खुंट्या तशाच, गजाला लावायचं रोझिनही तेच. म्हणून जरा भरवशानं गेले होते. पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की हात ओळखीचे असले तरी कान इथं नवे आहेत.

आज वाजलेल्या चालींपैकी एकीचं नाव 'ब्रेकिंग अप ख्रिसमस'. इथून उत्तर-पश्चिमेला व्हर्जिनियाच्या सीमेलगत राउंड पीक नावाचा भाग आहे. तिथं नाताळपासून ६ जानेवारीच्या जुन्या नाताळापर्यंत रोज एकेका घरी नाच व्हायचा. खोल्यांतलं सामान बाहेर काढायचं, फिडलवाला आणि बॅन्जोवाला दोन खोल्यांमधल्या दारात बसायचे, म्हणजे दोन्हीकडच्या नाचणाऱ्यांना ऐकू जायचं. दारात बसून वाजवायचं हे मला फार आवडलं. हे संगीत समोर बसून ऐकण्यासाठी नव्हतंच, पायांसाठी होतं.

ठरवलंय ते असं: जूनपर्यंत दर गुरुवारी जायचं. १० चाली शिकायच्या, त्याही याच रिंगणात बसून. कागद नाही. जूनमध्ये माउंट एअरीच्या फिडलर्स कन्व्हेन्शनला, म्हणजे फिडलवाल्यांच्या मेळाव्याला जायचं. काय जमलं, काय नाही, ते इथं लिहायचं.

९ जानेवारी

आज रचना कळली. बहुतेक चालींना दोन भाग. प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा, की एक फेरी झाली. जमिनीवर पाय मोजला तर एका भागात १६ ठोके. तीनतालाच्या एका आवर्तनाएवढेच. इथं खाली-भरी नाही, तरी १६ची सवय अंगात असल्यामुळे भाग कुठं संपतो हे न मोजता कळलं. एका फेरीत असे ६४ ठोके. मिनिटाला १०५ ठोक्यांच्या गतीनं फेरीला ३६-३७ सेकंद लागतात. आणि एक चाल १५-१५ फेऱ्या चालते, म्हणजे नऊ मिनिटं तेच, तसंच.

सगळे एकाच वेळी चालच वाजवतात. याच संगीतातून पुढं निघालेल्या ब्लूग्रासमध्ये जसा प्रत्येकाला आळीपाळीनं एकट्यानं वाजवायचा मान मिळतो, तसा इथं नाही. फिडल आणि बॅन्जो खांद्याला खांदा लावून चालतात, गिटार आणि बास खाली जमीन धरून ठेवतात.

पहिली चाल 'अँजेलिन द बेकर', पट्टी पांढरी दोन, म्हणजे इथली डी. पाचच स्वर: सा रे ग प ध. भूपाचे स्वर म्हटल्यावर मला वाटलं, ही तर आलीच. घरी येऊन फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून स्वरलिपीत लिहून काढली. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते आठवड्याभरातच मोडलं.

१६ जानेवारी

लिहून काढण्याचा तोटा आज दिसला. आमचे म्होरके, सत्तरीतले गृहस्थ, 'अँजेलिन' दर फेरीला थोडी बदलतात. एखादा स्वर गाळतात, एखाद्या ठिकाणी दोन तारा एकदम ओढतात, आणि रिंगण त्यांच्याबरोबर सरकतं. माझ्या डोक्यात मात्र कागदावरची एकच 'अँजेलिन' होती. ती मी धरून बसले आणि आठव्या फेरीनंतर एकटी पडले. वही कपाटात टाकली.

फिडल धरण्याचाही प्रश्न आहे. आम्ही मांडी घालून बसायचो, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकायचं, त्यामुळे डावा हात मोकळा असायचा आणि मींड घ्यायला तारेवर कुठूनही कुठं सरकता यायचं. इथं खुर्चीवर बसून फिडल खांद्याला. हात सरकवला की वाद्यच घसरतं. शेजारचे एक काका ते छातीशी धरतात, मनगट खाली टेकवून. जुने लोक असंच धरत. ते पहिल्या जागेवरून हात हलवतच नाहीत, आणि त्यांना काही कमी पडत नाही.

३० जानेवारी

ही नोंद महत्त्वाची.

आजवर मी प्रत्येक चाल सुरुवातीपासून पकडायला बघत होते. पहिले चार स्वर सापडायचे, पाचव्याला चुकायचे, तोवर बाकीचे पुढं गेलेले. मग पुढच्या फेरीची वाट बघायची, पुन्हा तेच चार स्वर. नऊ मिनिटांत चारच स्वर.

आज बॅन्जोवाल्या बाईंनी, चाल चालू असतानाच, माझ्या गुडघ्याला हलकेच हात लावला आणि भाग संपत आला की मान हलवून खूण केली: इथं. दुसऱ्यांदा, इथं. तिसऱ्यांदा मला कळलं. भागाचे शेवटचे चार ठोके दर वेळी सारखेच येत होते. आणि पुष्कळ चालींत पहिल्या भागाचं शेपूट आणि दुसऱ्या भागाचं शेपूट एकच असतं. म्हणजे सुरुवातीचे स्वर फेरीत दोनदाच भेटतात, शेपूट चारदा. १५ फेऱ्यांत ६० वेळा.

मग मी फक्त शेपूट वाजवलं. बाकी वेळ गज मोकळ्या तारेवर, सगळ्यांच्या लयीत, अगदी हळू. शेपूट पक्कं झाल्यावर त्याच्या आधीचा लांब स्वर कानात आला, मग त्याच्या आधीचा. चाल मागून पुढं उलगडत गेली. 'सोल्जर्स जॉय'चा पहिला भाग अशा रीतीनं एका बैठकीत आला. तो वेगवान आहे, स्वरांची दाटी आहे. सुरुवातीकडून गेले असते तर मला महिना लागला असता.

गुरुजींसमोर बसून शिकताना ओळ पहिल्यापासूनच मिळते, कारण गुरुजी थांबतात. इथं कोणी थांबत नाही. चालत्या गाडीत चढायचं तर जिथं ती हळू होते तिथंच चढावं लागतं, आणि चाल हळू होते ती भागाच्या टोकाला, लांब स्वरावर.

६ फेब्रुवारी

पहिला तास पांढरी दोन, दुसरा तास पांढरी सहा, म्हणजे इथली ए. मधेच पट्टी बदलत नाहीत, कारण बॅन्जोवाल्यांना दर वेळी तारा नव्यानं लावाव्या लागतात. म्हणून एका पट्टीतल्या सगळ्या चाली होऊन जाऊ देतात.

पांढरी सहासाठी म्होरक्यांनी फिडलच्या खर्जाच्या दोन्ही तारा एकेक स्वर चढवल्या. पाश्चात्त्य व्हायोलिनच्या तारा एरवी एकमेकींपासून पंचमावर लागतात. आता त्या ए, ई, ए, ई अशा झाल्या. याला इथं क्रॉस-ट्यूनिंग म्हणतात. मी माझ्या तारा तशा लावल्या, गज चारही तारांवरून फिरवला, आणि हात तिथंच थांबला. सा, प, सा, प. गुरुजींकडे आमचं व्हायोलिन असंच लागायचं. २० वर्षांनी तो आवाज माझ्या हनुवटीखालून आला.

म्होरक्यांना सांगितलं की आमच्याकडेही असंच लावतात. त्यांनी त्यांचं फिडल माझ्या हातात दिलं आणि काहीतरी वाजव म्हणाले. मी दुर्गाच्या चार ओळी वाजवल्या. सगळे ऐकत होते. मग त्यांनी 'ओल्ड जो क्लार्क' सुरू केली आणि बैठक पुढं चालली.

असं लावल्यावर वाद्य बदलतं. चाल वरच्या तारेवर वाजवली की खालची मोकळी तार आपसूक गुंजते, एका फिडलचा आवाज दोघांचा होतो. माइक नसताना, नाचणाऱ्यांच्या पायांच्या आवाजातून ऐकू जायचं तर हे उपयोगाचंच होतं.

शेवटच्या चालीआधी माझी खर्जाची तार तुटली. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत खुंटी सरकत होती, मी ती एकदम आवळली. यापुढं अर्धा-अर्धा स्वर चढवायचा, मधे थांबायचं, आणि घोडी पुढं झुकली नाही ना ते बघायचं. पिशवीत तारांचा एक जोड जास्तीचा ठेवला आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आईला मिरजेला फोन. गुरुवारचं रेकॉर्डिंग ऐकवलं. पाच मिनिटं गप्प राहून ऐकत होती.

"गाणारा कुठं आहे गं?"

"गाणारा नाही, आई. मधेच कोणी एखादं कडवं म्हणतं, तेवढंच."

"आणि सगळे एकदमच वाजवतात? मग ऐकतं कोण?"

"जे वाजवतात तेच ऐकतात."

"म्हणजे भजनच की!"

आईचं खरं आहे. आजोळी एकादशीला भजन व्हायचं तेव्हा आम्ही पोरं मागं टाळ घेऊन बसायचो. अभंग कोणी शिकवला नाही. ध्रुपद परत परत यायचं, ते आधी तोंडात बसायचं. कडवी पुढं कधीतरी, दोन-तीन एकादश्यांनी. ध्रुपद म्हणजे तिथलं शेपूटच होतं. मी ही रीत विसरले होते, कारण पुढं क्लासमध्ये शिकणं म्हणजे एकट्यानं पक्कं करून आणणं, असं डोक्यात बसलं.

२० फेब्रुवारी

कालपासून बर्फ, रस्ते निसरडे, बैठक रद्द.

जो थॉम्प्सन याच तारखेला गेले, २०१२ साली. इथून तासाभराच्या आत असलेल्या मेबन गावचे कृष्णवर्णीय फिडलवादक, जन्म १९१८चा. वडिलांकडून शिकले, फर्निचरच्या कारखान्यात काम केलं, चुलतभाऊ ओडेल यांच्या बॅन्जोबरोबर वाजवलं. २००७ मध्ये त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप, लोककलावंतांसाठीचा इथला राष्ट्रीय सन्मान, मिळाली. २००५ पासून तीन तरुण कलाकार दर गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याबरोबर वाजवत शिकले. त्यांचा गट कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स, पुढं ग्रॅमी मिळवणारा.

दिवसभर थॉम्प्सन यांची रेकॉर्डिंग लावली. त्यांचा गज खडबडीत आहे, कडक आहे, आणि एकही ठोका वाया जात नाही. आपल्याकडे, आणि इथंही, बरेच लोक समजतात की हे डोंगरातल्या गोऱ्या लोकांचं संगीत. पण बॅन्जोचं मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे, आणि दक्षिणेत मळेवाल्यांच्या नाचाला फिडल वाजवणारे पुष्कळदा तेच गुलाम असत. स्कॉटलंड-आयर्लंडच्या चाली आणि आफ्रिकेची लय एकत्र आली तेव्हा हे झालं. कोणी नुसत्या पहिल्या निम्म्याचं नाव घेतलं की मला राग येतो. ज्या लयीनं माझा पाय हलतो ती त्या दुसऱ्या निम्म्यातून आलेली आहे.

आज थॉम्प्सन यांच्या रेकॉर्डिंगबरोबर फक्त गज चालवला, डावी बोटं तारेला लावलीच नाहीत. तासभर.

६ मार्च

जमलेल्या चाली: अँजेलिन, सोल्जर्स जॉय, ओल्ड जो क्लार्क, क्लक ओल्ड हेन. चौथी अर्धीच धरायला हवी.

'ओल्ड जो क्लार्क'मध्ये निषाद कोमल, बाकी शुद्ध. खमाज थाट. 'क्लक ओल्ड हेन' ऐकली आणि मनात काफी म्हटलं, कोमल गांधार लावला. म्होरक्यांनी कान दिला आणि त्यांचं बोट दाखवलं. ते कोमल गांधारावरही नव्हतं, शुद्धावरही नव्हतं, दोहोंच्या मधे कुठंतरी होतं, आणि दर फेरीला थोडं हलत होतं. जुने वादक असाच लावत. पियानोवर हा स्वर नाही.

थाटाचं नाव दिलं की चाल कळल्यासारखं वाटतं, पण तेवढ्यानं कळत नाही. मला हे माझ्यासाठी लिहून ठेवायचं आहे: रागाशी तुलना दार उघडायला ठीक, त्या चौकटीत उभं राहायचं नाही. खमाज थाटातले स्वर असले म्हणून 'ओल्ड जो क्लार्क' खमाज होत नाही. तिला वादी-संवादी नाही, पकड नाही, तिला विस्तार नको आहे. तिला फक्त परत यायचं आहे.

१३ मार्च

ताप. गेले नाही. खिडकीशी बसून शेपटं गुणगुणली.

२७ मार्च

आज एक बाई काखेत प्लायवुडचा तुकडा घेऊन आल्या, साधारण तीन फूट लांब. तो त्यांनी रिंगणाच्या मधोमध टाकला आणि त्यावर फ्लॅटफूट नाच केला. पाय जमिनीपासून फारसे उचलत नाहीत, टाच-चवडा, टाच-चवडा, सगळा आवाज लाकडातून. कमरेवरचं अंग जवळजवळ स्थिर.

मी महिनाभर गजाचा जो नमुना घोकत होते तो त्यांच्या पायांत दिसला. एक लांब, दोन तुटक. मी त्याला मनात 'धा तिट, धा तिट' म्हणते. पण मी जोर देत होते 'धा'वर, सम असल्यासारखा. त्यांची टाच जोरात पडत होती 'तिट'वर. गिटारवाले काकाही तेच करत होते: खर्जाची एक तार, मग वरच्या तारांचा झणकारा, आणि भर झणकाऱ्यावर. मी एकटीच उलट्या पायानं चालत होते, तीन महिने.

जोर बदलला. दोन-तीन फेऱ्या गज अडखळला, मग चाल उचलली गेली. बाईंनी नाचता नाचता माझ्याकडे बघून मान हलवली.

आणखी एक. माझ्या मींडा सगळ्या गेल्या आहेत. कोणी काढायला लावल्या नाहीत. नाचणाऱ्याच्या पायाकडे बघत वाजवलं की त्या बसतच नाहीत, कारण मींडेत ठोक्याचं टोक विरघळतं. एखाद्या स्वराला खालून चटकन सरकून जायचं, एवढंच उरतं. पं. डी. के. दातारांचं गायकी अंगाचं व्हायोलिन ऐकत मोठी झाले, गज म्हणजे गळा असं शिकले. हा गज पाय आहे. दोन्ही मला हवेत, एकाच संध्याकाळी नकोत.

१७ एप्रिल

नवी चाल: 'किचन गर्ल', पांढरी सहा. वरचा भाग शुद्ध गांधाराचा, खालच्या भागात गांधार कोमल. दोन्हीकडे निषाद कोमल. इथले जुने वादक वरच्या भागाला 'बारीक' आणि खालच्याला 'भरड' म्हणायचे. पिठाचे शब्द चालीला लावावेत हे मला पटलं. भरड भाग खरंच जात्यातून येतो.

ही चाल आमच्याच गावातून जगभर गेली, असं म्होरके सांगत होते. व्हर्जिनियातल्या ग्लेन लिनचे हेन्री रीड, जन्म १८८४चा. १९६६-६७ मध्ये ड्यूक विद्यापीठातला एक तरुण संशोधक, अ‍ॅलन जबूर, टेप रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे गेला. रीड तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. जबूर परत येऊन त्या चाली डरहॅम आणि चॅपेल हिलच्या मधे हॉलो रॉक इथं मित्रांच्या घरच्या बैठकीत वाजवू लागले. १९६८ मध्ये त्या मंडळींची तबकडी निघाली, आणि 'किचन गर्ल', 'ओव्हर द वॉटरफॉल' अशा चाली देशभरातल्या रिंगणांत पोचल्या. त्याच वर्षी रीड गेले. त्यांची १८४ रेकॉर्डिंग आता लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात.

रात्री ती ऐकत बसले. मागं घरातले आवाज आहेत. रीड यांचं वाजवणं आमच्या रिंगणापेक्षा वळणदार आहे, गज एका दमात जास्त स्वर घेतो आणि ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे वळतो. आमच्याकडे ५-६ फिडल एकत्र असल्यामुळे ती वळणं झिजून गेली आहेत, गोट्यासारखी. झिजली म्हणून वाईट झाली असं मला वाटत नाही. पण मूळ कसं होतं ते ऐकायलाच हवं. रिंगणात शिकायचं, आणि घरी येऊन ज्याच्याकडून चाल आली त्याला ऐकायचं, या क्रमानं. उलट केलं की मी पुन्हा 'कागदावरची अँजेलिन' घेऊन बसेन.

१ मे

काहीच नवीन आलं नाही. सलग दुसरा आठवडा. दोन चाली एकमेकींत मिसळतात, एकीच्या पहिल्या भागातून दुसरीच्या दुसऱ्या भागात जाते. शेपटं सारखी असण्याचा हा तोटा.

उपाय म्हणून प्रत्येक चालीचा पहिला लांब स्वर आणि तो कुठल्या तारेवर आहे एवढंच मनात नावाशी बांधते आहे.

१५ मे

चाल थांबवायची खूण: जो चाल सुरू करतो तो शेवटच्या फेरीत, दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे, एक पाय वर उचलतो. सगळे तो भाग संपवून एकदम थांबतात.

आज मी डोळे मिटून वाजवत होते. 'सोल्जर्स जॉय' इतकी छान चालली होती की बोटांकडे लक्षच नव्हतं. रिंगण थांबलं आणि माझं फिडल एकटं पुढं दोन ठोके गेलं. कोणी काही बोललं नाही, म्होरके नुसते हसले. पण मला लागलं ते वेगळं. मी जिला तल्लीनता समजत होते तिच्यात बाकीचे १३ जण नव्हते. भजनात डोळे मिटलेले असले तरी टाळकऱ्याचं लक्ष पखवाजाकडे असतं. पुढच्या वेळेपासून नजर सुरू करणाऱ्याच्या उजव्या हातावर आणि पायावर. आपल्या बोटांवर नाही, हे मला जानेवारीतच सांगितलं होतं.

७ जून, शनिवार. माउंट एअरी

डरहॅमहून दोन तास. शेवटच्या टप्प्यात रेडिओवर ७४० लावलं, डब्ल्यूपीएक्यू. १९४८ पासून हे केंद्र इथल्याच लोकांचं संगीत लावत आलं आहे.

कन्व्हेन्शन १९७२ पासून भरतं, व्हेटरन्स मेमोरियल पार्कमध्ये. मंचावर स्पर्धा चालू असते, खरी गर्दी मात्र मैदानातल्या तंबूंमध्ये आणि गाड्यांच्या मधल्या जागांत. ताडपत्रीखाली ६ जण इथं, १० जण तिथं. एका रिंगणातून दुसऱ्याकडे चालत जाताना एक चाल मागं विरत जाते आणि दुसरी पुढून मोठी होत येते. उकाडा इतका की रोझिन चिकट झालं.

टॉमी जॅरेल इथलेच, जवळच्या टोस्ट वस्तीत राहायचे. राज्याच्या रस्तेखात्यात ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवायचे, १९६६ मध्ये निवृत्त झाले. मग देशभरातून तरुण मुलं त्यांच्या घरी येऊन राहू लागली. ते वाजवायचे, मुलं बरोबर वाजवायची. १९८२ मध्ये नॅशनल हेरिटेज फेलोशिप पहिल्यांदाच दिली गेली, तेव्हाच्या मानकऱ्यांत ते होते. १९८५ मध्ये गेले. आज मैदानात पन्नाशी-साठीच्या पुढचे जे वादक भेटले त्यांच्या गजात जॅरेल यांची ती हिसका देऊन परत येणारी लय ऐकू येते. चाळीस वर्षं झाली, तरी हात ओळखू येतो.

एका रिंगणाशी दहा मिनिटं उभी राहिले. पट्टी पांढरी सहा. एका आजींनी खुर्ची सरकवून जागा केली. चाल माझ्या ओळखीची नव्हती, नावही कळलं नाही. मोकळी तार धरली, 'तिट'वर जोर, शेपूट शोधलं. चौथ्या फेरीला सापडलं. सहाव्या फेरीला त्याच्या आधीचा लांब स्वर. बाराव्या फेरीला आजींचा पाय उचलला गेला तेव्हा मला खालचा भाग पुरा येत होता आणि वरचा अर्धा.

जानेवारीत याच अर्ध्या चालीला मी 'आली नाही' म्हटलं असतं.

१२ जून

जमलेल्या चाली ८. ठरवलेल्या १०.

म्होरक्यांनी माझ्याकडे बघितलं: आज तू सुरू कर. मी 'किचन गर्ल' निवडली. ती बारीक भागापासून सुरू होते, आणि मी भरड भागापासून सुरू केली. पहिल्याच ठोक्याला लक्षात आलं, पण तोवर बॅन्जोवाल्या बाई आल्या होत्या, मग गिटार, मग बास. कोणी थांबलं नाही, कोणी मला सरळ करायला बघितलं नाही. गोल फिरणारी गोष्ट कुठूनही सुरू झाली तरी फिरतेच. तिसऱ्या फेरीपर्यंत मला भीती वाटायची थांबली आणि मी बाकीच्यांना ऐकायला लागले. माझ्या डावीकडे एक कॉलेजातला मुलगा पहिल्यांदाच आला होता, मांडीवर मँडोलिन, बोटं तारांवर नुसती ठेवलेली. मी भागाच्या टोकाला त्याच्याकडे बघून मान हलवायला लागले. इथं. आणि पुढच्या वेळी, इथं.

पाय कुठं उचलायचा हा प्रश्न उरला होता. सुरुवात भरड भागानं झाली म्हणजे हिशेबानं शेवट बारीक भागावर यायला हवा. पण या खोलीत ही चाल नेहमी भरड भागावर थांबते, आणि सगळ्यांचे हात तिकडेच वळणार. तेराव्या फेरीत भरड भाग दुसऱ्यांदा आला, तेव्हा मी पाय उचलला. चौदा जण एकदम थांबले. त्या मुलाचं शेपूट बरोबर आलं होतं.

पुढच्या गुरुवारी पांढरी पाच. खर्जाच्या दोन्ही तारा आज रात्रीच उतरवून ठेवल्या.